काशीगावची गाडी आणि डोंगरीची झाडे



मी राहतो त्या काशीगावच्या एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. दुसऱ्या अंगास, पार समुद्राकडे, उत्तनच्या वाटेवर डोंगरीची टेकडी आहे. मधल्या भातखाचरांवर व मिठागरांवर आमची घरे उभी राहिली. तेव्हा झाडे तोडणारा कोणी परका होता, असे आम्हां काशीगावकरांस म्हणता यावयाचे नाही.

2025 च्या मे महिन्यात काशीगाव ते दहिसर या टप्प्यात मेट्रोची चाचणी झाली. गाडी आम्हांस हवीच होती. परंतु गाडीला रात्री विसाव्यास व दुरुस्तीस जागा लागते. ही कारशेड प्रथम राई, मुर्धे, मोर्वे या गावांकडे योजिली होती. घरेदारे व शेती जाईल म्हणून ग्रामस्थांनी विरोध केला. मग ती डोंगरीस नेण्याचे ठरले. त्याच वर्षी मार्चमध्ये 1,406 झाडे तोडण्याची नोटीस निघाली, व पुढे हा आकडा एकंदर अकरा हजारांपलीकडे गेला. लोकांनी हरकतींचे अर्ज नेऊन दिले.

हरकत हा शब्द मोठा मौजेचा आहे. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. आपण मात्र त्यास अडवणूक समजतो. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने ती नागरिकाच्या हाती दिली आहे. झाडाला स्वतःला अर्ज लिहिता येत नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व असावे.

मात्र अर्जावर सही करणे स्वस्त असते. राखलेल्या रानाची किंमत कोणी द्यावी, हा खरा प्रश्न. पुण्यास हा प्रश्न घरबांधणीच्या निमित्ताने उभा राहिला. महापालिकेत नव्याने आलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर बांधकामास मोकळीक द्यावी काय, यावर नागरिक वर्षानुवर्षे झगडले. अखेर 2015 साली 978 हेक्टरांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणास राज्य सरकारने मान्यता दिली. पण ज्याची जमीन टेकडीवर आहे त्यास मोबदला काय, हा वाद त्याने मिटला नाही. नकाशावरचा हिरवा रंग म्हणजे कुंपण नव्हे. मोबदला अडला की टेकडीच्या पायथ्याशी चोरपावलांनी भिंती चढू लागतात.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी नदीकाठी केलीज बुश नावाचे सुमारे बारा एकरांचे रान होते. एका कंपनीस तेथे घरे बांधावयाची होती. 1970 साली शेजारच्या तेरा गृहिणी एकत्र आल्या. नगरपालिका, आमदार, मंत्री, सर्वांचे उंबरे झिजवून झाले. शेवटी त्या बांधकाम मजुरांच्या संघाकडे गेल्या. बंगल्यांत राहणाऱ्या या बायांसाठी मजुरांनी रोजगार का सोडावा? जॅक मंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम परिसरातील लोकांची सभा भरविण्यास सांगितले. सभेला शेकडो माणसे जमली, आणि 1971 साली संघाने कामावर बंदी घातली. कंपनी म्हणाली, आम्ही संघाबाहेरचे मजूर आणू. त्यावर त्याच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीवरील मजुरांनी उलट कळविले की, केलीज बुशमधील एक जरी झाड पडले तरी ही इमारत अर्धवट सोडू. ती तशीच स्मारक म्हणून उभी राहील! रान वाचले, आणि 1983 साली तेथील सरकारने ती जागा जनतेसाठी विकत घेतली.

मला या कथेत गृहिणींइतकाच मजूर महत्त्वाचा वाटतो. त्याच्या ताटातली भाकर त्या रानात गुंतलेली होती. डोंगरीच्या बाबतीत ती जागा आम्हां काशीगावकरांची आहे: गाडीचा लाभ आमचा, तोड मात्र तिकडच्या टेकडीची. डोंगरीच्या रहिवाशाने हरकत घेतली, तर अधिकारी म्हणतील, हा आपले अंगण राखतो. तीच हरकत काशीगावच्या प्रवाशाने घेतली, आणि कारशेड अन्यत्र नेण्यात गाडी वर्षभर लांबली तरी चालेल असे खाली स्पष्ट लिहिले, तर त्या कागदास कोणते उत्तर द्यावे हे त्यांस सहजी सुचावयाचे नाही.