बर्लिनची भिंत : तट की कोंडवाडा?



१९८९ साली पडलेल्या भिंतीची कथा आज कशाला उकरून काढायची, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. ती कशी पडली हे आपण सारे जाणतो. ती बांधावी का लागली, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कारण भिंत पाडतात ते लोक. बांधते ते सरकार. आणि सरकार तर आपल्या सर्वांनाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात पाडाव झाल्यावर, १९४५ साली, जर्मनीचे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांच्यात चार वाटे झाले. बर्लिन शहर रशियाच्या वाट्यात, सरहद्दीपासून सुमारे १६० किलोमीटर आत. तरी राजधानी म्हणून त्याचेही चार भाग करण्यात आले. १९४९ साली पश्चिमेकडील तीन वाट्यांचे एक राज्य झाले आणि पूर्वेकडे कम्युनिस्टांचे दुसरे. १९५२ साली पूर्व जर्मनीने आपली लांबलचक सरहद्द तारा ओढून बंद केली. परंतु बर्लिनमधली वाट उघडीच राहिली. पूर्वेच्या माणसाने शहरातल्या आगगाडीचे तिकीट काढावे आणि काही स्टेशने सोडून उतरावे, की तो दुसऱ्या राज्यात!

या वाटेने व इतर मार्गांनी १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख माणसे पूर्व जर्मनी सोडून गेली. त्या राज्याची सारी वस्ती पावणेदोन कोटींच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. त्यांत जवळजवळ निम्मे लोक पंचविशीच्या आतले. डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक, कसबी कामगार असे सारे जात होते. १९५३ च्या जून महिन्यात कामगार रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यावर रशियन रणगाडे धाडण्यात आले. १९६० साली शेतकऱ्यांना सक्तीने सामुदायिक शेतीत ओढले. १९६१ च्या एकट्या जुलै महिन्यात तीस हजार माणसे गेली.

त्या सरकारची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. रशियाने युद्धाची भरपाई म्हणून पूर्वेकडचे कारखानेच्या कारखाने उचलून नेले. पश्चिमेला मात्र अमेरिकेची मदत मिळाली. शिवाय आम्ही आमच्या खर्चाने डॉक्टर तयार करायचा आणि तो शेजाऱ्याने पळवायचा, हे किती दिवस सोसावे, असे ते म्हणत. हा युक्तिवाद आपल्याही कानांना परका नाही. सरकारी पैशावर शिकलेला मुलगा परदेशी राहिला, की आपणही हळहळतो.

पण हळहळणे निराळे आणि दार बंद करणे निराळे. १९६१ च्या १५ जूनला पूर्व जर्मनीचे नेते वॉल्टर उलब्रिख्ट यांनी वार्ताहरांना सांगितले, की भिंत बांधण्याचा कोणाचाही विचार नाही. दोन महिनेही लोटले नाहीत, तोच १२ ऑगस्टच्या मध्यरात्री रस्त्यांवर काटेरी तारा पडू लागल्या. रविवारी सकाळी शहर जागे झाले ते दुभंगलेले. काही दिवसांत तारांच्या जागी विटा व काँक्रीट आले. बर्नाउअर रस्त्यावर घरे पूर्वेत आणि समोरचा पदपथ पश्चिमेत होता. तेथे माणसांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. पुढे खिडक्याही चिणून टाकण्यात आल्या.

सरकारने या भिंतीला फॅसिस्टांपासून रक्षण करणारा तट असे नाव दिले. तट म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवायला नको. तटाच्या तोफा बाहेर रोखलेल्या असतात आणि संकटकाळी रयत धावत आत येते. बर्लिनमध्ये तारा, चर, पहाऱ्याचे मनोरे आणि दिव्यांचे झोत हे सारे भिंतीच्या पूर्वेच्या अंगाला होते. मारली गेली ती बहुतेक बाहेर पडू पाहणारी माणसे. तेथे किमान १४० जणांचे प्राण गेले. पहारेकरी शिपाईसुद्धा संधी साधून पळाले. आणखी एक गोष्ट पाहा. १९६४ पासून म्हाताऱ्या पेन्शनरांना पश्चिमेस जाऊन येण्याची परवानगी मिळू लागली. ज्यांच्या हातून काम होण्यासारखे नव्हते, त्यांना दार उघडे! आम्ही याला तट म्हणत नाही. हा कोंडवाडा झाला.

भिंतीमुळे राज्य सावरले, असे म्हणणारे आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. माणसे जायची थांबली, कारखाने चालू लागले, २८ वर्षांची सवड मिळाली. पण ज्या कारणांनी लोक जात होते, ती कारणे दूर करण्यात ती सवड खर्ची पडली नाही. म्हणून १९८९ च्या सप्टेंबरात हंगेरीने आपली सरहद्द मोकळी करताच लोकांचा लोंढा पुन्हा तसाच सुरू झाला. ९ नोव्हेंबरच्या रात्री भिंतीची दारे उघडली आणि पुढच्या वर्षी ते राज्यही उरले नाही.

आपल्या देशात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात धरला. तो सर्वांच्या उपयोगी पडत नाही, हे खरे. आपल्यापैकी बहुतेकांना कोठे जायचेही नाही. तरीसुद्धा जाण्याची मोकळीक असून जो राहतो, त्याच्याच राहण्याने राज्याला बळ येते. कोंडून ठेवलेल्या माणसांची फक्त शिरगणती होते. सरकार आपणांस एखादी भिंत दाखवून ही तुमच्या रक्षणासाठी आहे असे सांगू लागले, तर एवढेच पाहावे, की पहारेकऱ्याचे तोंड कोणीकडे आहे.