बॉर्डरवरची साखर आणि केटो आहार
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पाच्या मांडवात, मोदकांच्या ताटासमोर साखरेविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. पण कारखान्याच्या दवाखान्यात वार्षिक तपासणीचे अहवाल हाती पडले की मला हमखास विचारले जाते, "डॉक्टरसाहेब, शुगर बॉर्डरवर आहे. केटो करू का?" आज त्याचेच उत्तर देतो.

आधी ही 'बॉर्डर' पाहू. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या निकषाप्रमाणे उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि या पायरीवर उभे असलेले त्याहून जास्त, १३.६ कोटी. मात्र इथून मागे फिरता येते, म्हणून ही वेळ मोलाची.

आपल्या भागापुरती एक सूचना. छत्तीसगढ आणि विदर्भात सिकलसेल बरेच आढळते. सिकलसेल किंवा रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी फसवू शकते. अशांनी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतरची साखरही तपासावी.

"मी तर सडपातळ आहे," असे म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली चरबी पोटात लपते. म्हणून वजनकाट्याबरोबर कंबरेला टेपही लावा. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावे.

आता केटो. हा आहार १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला. यात दिवसभराचे पिष्टमय पदार्थ साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवतात. दोन वाट्या भातातच ते संपतात! मग शरीर चरबी जाळते आणि यकृत तिच्यापासून कीटोन तयार करते.

याने साखर उतरते का? उतरते, आणि वजनही घटते. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाने मधुमेह वा मधुमेहपूर्व अवस्था असलेल्या ४० जणांना आलटूनपालटून १२-१२ आठवडे केटो आणि भूमध्यसागरी आहार दिला. दुसऱ्या आहारात कडधान्ये, फळे आणि अख्खी धान्ये होती. एचबीएवनसी दोन्हींत जवळजवळ सारखेच उतरले. केटोत ट्रायग्लिसराइड जास्त घटले, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढले. भूमध्यसागरी आहारात ते कमी झाले. केटोत चोथाही कमी पडला. मधुमेहपूर्व माणसाचा खरा शत्रू हृदयविकार असतो, म्हणून हा फरक किरकोळ नाही.

भट्टीवर काम करणाऱ्यांनी जास्त जपावे. केटोच्या पहिल्या दिवसांत शरीरातून पाणी आणि मीठ बाहेर पडते. मे महिन्याचे ऊन आणि वर भट्टीची धग, अशात चक्कर येऊन यंत्राजवळ पडणे परवडणारे नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर धोकादायक उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन वा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना तर साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही मनाने केटो करू नये.

काहीजण म्हणतात, "आम्ही दीक्षित डाएट करतो, ते केटोच ना?" नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेल्या आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेल्या त्या पद्धतीत दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे असते. त्यात भात-पोळीला बंदी नाही.

मग करायचे काय? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना नुसता सल्ला देऊन आहार आणि चालणे सुधारायला लावले. तीन वर्षांत मधुमेह झालेले सल्ल्याविना ५५ टक्के, सल्ल्याने सुमारे ३९ टक्के. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२२ च्या विश्लेषणाचा सूरही असाच : पिष्टमय पदार्थांतून निम्मी ऊर्जा आणि प्रथिनांतून पाचवा हिस्सा एवढे साधले तरी साखर मागे फिरण्याची शक्यता वाढते.

आपल्या ताटात हे बसते. भाताचा डोंगर उतरवून एक वाटी करा. सोबत झुणका, मोड आलेली कडधान्ये, दही, चालत असेल तर अंडी-मासे. भनपुरीच्या बाजारात मिळणारी लाल भाजी आणि मुनग्याच्या शेंगा भरपूर खा. रात्रपाळीत बिस्किटांऐवजी फुटाणे ठेवा. आठवड्यात १५० मिनिटे भरभर चाला. मीही याच पायरीवर उभा आहे आणि हेच करतो.

तरीही ज्यांना केटो करायचेच आहे त्यांनी आधी लिपिड आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी, गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे. पण जो आहार बारा महिने, पाळ्या सांभाळून, पाहुण्यारावळ्यांत आणि सणासुदीला निभेल, तोच साखर आवरतो.

प्रसादाचा मोदक जरूर घ्या, मात्र एकच! आणि तपासणीचा अहवाल कपाटात ठेवू नका, दवाखान्यात घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!