नोंद नसलेली अटक

(येथील सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



पोलिसांच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग आहे. आपण सर्वांनी तो ऐकलेला आहे, आणि तो इतक्या सहजतेने उच्चारला जातो की त्यात काही वावगे आहे अशी शंकाही कोणाला येत नाही. ‘अमक्याला सोमवारी आणला आणि बुधवारी अटक दाखवली.’ दाखवली! अटक ही घडण्याची गोष्ट आहे की दाखविण्याची? सोमवारपासून बुधवारपर्यंत तो मनुष्य होता कोठे? घरी नव्हता, कामावर नव्हता, तुरुंगात नव्हता आणि कागदोपत्री पाहू गेल्यास पोलीस ठाण्यातही नव्हता. ह्या दोन दिवसांविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

अटकेचे नाव काढताच भिण्याची आपल्या गावाला सवय नाही. सत्याग्रहाच्या दिवसांत गाड्या भरभरून माणसे नेलेली येथल्या चौकाने पाहिली आहेत. परंतु त्या अटकेची रीत आठवा. भर दिवसा, शेकडो लोकांसमक्ष नाव विचारले जाई, ते लिहून घेतले जाई, आणि घरी निरोप पोलिसांच्या आधी शेजारी पोहोचवीत. अशा अटकेत मनुष्याला दुःख झाले तरी दहशत वाटत नाही, कारण ती उजेडात होते. रात्री दोन वाजता साध्या वेषातील चौघे येतात, ‘साहेबांनी जरा चौकशीला बोलावले आहे’ एवढेच सांगतात, आणि सकाळी बाप ठाण्यावर गेला असता ‘असा कोणी येथे आणलेलाच नाही’ हे उत्तर त्याला मिळते. ही जात निराळी. पहिल्या प्रकारात राज्यसत्ता आपले सामर्थ्य दाखवीत असते, दुसऱ्यात ती आपले कृत्य लपवीत असते.

ह्याचे आपल्या देशातील जे उदाहरण सर्वांत पूर्णपणे न्यायालयासमोर आले, ते केरळातील आहे. आणीबाणीचे दिवस होते. कालिकतजवळच्या कायण्णा येथील पोलीस ठाण्यावर फेब्रुवारी 1976 च्या अखेरीस नक्षलवाद्यांनी हल्ला केला. पोलिसांची धरपकड सुरू झाली. 1 मार्चच्या सकाळी कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहातून पी. राजन ह्या विद्यार्थ्यास पोलिसांनी उचलले. कक्कयम येथे त्या वेळी पोलिसांनी एक तात्पुरती छावणी उघडली होती. ते ठाणे नव्हते, तुरुंग नव्हता, कोठडीही नव्हती. डोंगरातील ती एक जागा होती, जिचा कायद्याच्या नकाशात ठावठिकाणा नव्हता. राजनला तेथे नेण्यात आले.

राजनचे वडील टी. व्ही. ईचर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. ह्या गृहस्थांनी पुढील वर्षभर काय केले? जे आपल्यापैकी कोणीही केले असते तेच. ठाण्याच्या पायऱ्या झिजविल्या, अधिकाऱ्यांच्या भेटी मागितल्या, अर्ज लिहिले, मंत्र्यांची दारे ठोठावली. उत्तर कोठूनच नाही. न्यायालयात जावे तर तोही मार्ग बंद होता. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगून टाकले की आणीबाणी चालू असता, कोणास बेकायदा कोंडले असले तरी त्याच्यासाठी बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज चालणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध मत देऊन उभे राहिले. तो निर्णय त्याच न्यायालयाने औपचारिकपणे मोडीत काढावयास 2017 साल उजाडावे लागले!

मार्च 1977 मध्ये आणीबाणी उठली आणि त्याच महिन्यात वारियर उच्च न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे काय होते? राजनला आम्ही पकडलेच नाही. आणीबाणीत गृहखाते ज्यांच्या हाती होते ते के. करुणाकरन आता मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्या बाजूनेही न्यायालयापुढे आलेली भूमिका हीच. येथे क्षणभर थांबून त्या बापाची अडचण आपण समजून घेऊ. गुप्त अटकेचा आरोप सिद्ध करणे इतर कोणत्याही आरोपाहून अवघड असते. चोरीच्या खटल्यात मुद्देमाल असतो, मारहाणीत जखम असते. येथे पुरावा म्हणजे नोंदवही, आणि नोंदवही ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच कपाटात! नोंद केली नाही म्हणून आरोप उत्पन्न झाला, आणि नोंद नाही म्हणूनच आरोप खोटा, असा हा चक्रव्यूह आहे.

तो भेदला गेला कशाने? महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी एक साधी गोष्ट केली होती. राजनला पोलिसांनी नेल्याचे त्यांनी त्याच्या वडिलांना रजिस्टर पत्राने लेखी कळविले होते. आणीबाणीच्या त्या वातावरणात एका सरकारी संस्थेच्या प्रमुखाने असे पत्र लिहिणे, त्यावर सही करणे आणि ते पोस्टात नोंदवून टाकणे ह्याची किंमत आज बसल्याजागी आपल्याला कळणे कठीण आहे. त्यांनी कोणावर आरोप केला नाही, निषेध केला नाही. आपल्या विद्यार्थ्याचे काय झाले हे पालकाला कळविणे एवढे आपले कर्तव्य त्यांनी केले. जी नोंद ठाण्यात व्हावयास हवी होती ती अशी एका शिक्षकाच्या हातून झाली. वसतिगृहात राजनला नेताना पाहणारे पुढे आले, छावणीत त्याला पाहणारे पुढे आले. 13 एप्रिल 1977 रोजी न्यायालयाने त्यांच्यावर विश्वास ठेवला, सरकारचा इन्कार नाकारला आणि राजनला हजर करा असा हुकूम दिला.

हजर कोठून करणार? राजन पोलिसांच्या ताब्यातच गेला होता, हे त्यानंतर मान्य करावे लागले. करुणाकरन ह्यांना मुख्यमंत्रिपदाचा महिना पुरा होतो न होतो तोच पायउतार व्हावे लागले. परंतु मृतदेह कधीच मिळाला नाही आणि खुनाबद्दल कोणास शिक्षा झाली नाही. राजनच्या मातोश्रींची मनःस्थिती त्या आघाताने ढासळली. त्या 2000 साली गेल्या. वडील 2006 साली गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आठवणींचे एक पुस्तक लिहून ठेवले. मृत्यूला तिथी असते, श्राद्ध असते. ज्याच्या मृत्यूचीही नोंद नाही त्याच्या आईने दाराला कडी केव्हा लावावी?

कोणी म्हणेल, ही आणीबाणीची गोष्ट आहे. तो काळ गेला. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या देशाच्या लोकशाहीचे गोडवे जगभर गाइले जातात त्या अमेरिकेत, शिकागो शहरात, आणीबाणी वगैरे काही नसताना, होमन स्क्वेअर नावाच्या एका जुन्या गोदामाविषयी ‘गार्डियन’ ह्या वृत्तपत्राने 2015 साली लेखमाला प्रसिद्ध केली. पोलिसांच्या ताब्यातील ह्या इमारतीत माणसे आणली जातात, त्यांची नोंद वेळेवर होत नाही आणि वकिलांना ती सापडत नाहीत, असा तिचा आरोप होता. पोलिसांनी तो साफ नाकारला. इमारत गुप्त नाही, सर्व काही कायद्याप्रमाणे चालते असे ते म्हणाले. पुढे त्या पत्राने न्यायालयीन झगडा करून पोलिसांचेच कागद मिळविले. 2004 ते 2015 ह्या काळात तेथे सात हजारांहून अधिक माणसे नेली गेली होती, त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि वकिलाला प्रवेश मिळाल्याच्या अथवा ठावठिकाणा कळविल्याच्या नोंदी त्या पत्रास मिळाल्या त्या अवघ्या अडुसष्ट जणांच्या.

हे आरोप लोकांनी इतक्या लवकर खरे का मानले? कारण त्या शहराची स्मृती. जॉन बर्ज नावाचा एक पोलीस अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे लोक 1972 पासून जवळजवळ दोन दशके कृष्णवर्णीयांचा छळ करून कबुलीजबाब काढीत होते. अनेक वर्षे हाही आरोपच होता आणि पोलीस तो नाकारीतच होते. शेवटी 2010 साली बर्ज दोषी ठरला, तोही छळाबद्दल नव्हे. शपथेवर खोटे बोलल्याबद्दल, कारण छळाच्या गुन्ह्याची मुदत उलटून गेली होती. 2015 साली त्या नगरपालिकेने बळींसाठी पंचावन्न लक्ष डॉलर मंजूर केले आणि हा इतिहास शाळांतून शिकविण्याचे ठरविले. ज्या पोलिसांचा एकदाचा इन्कार खोटा ठरला, त्यांचा पुढचा इन्कार खरा असला तरी कोणी ऐकत नाही. विश्वासाचे नुकसान असे व्याजासकट वसूल होते, आणि ते व्याज प्रामाणिक शिपायाला भरावे लागते. चोर पकडण्यासाठी साक्षीदार हवा तर लोक खिडक्या लावून घेतात.

आता आपल्या येथील कायदा काय म्हणतो ते पाहू. घटनेचा बाविसावा अनुच्छेद सांगतो की अटक केलेल्यास अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. हे चोवीस तास केव्हापासून मोजावयाचे? आमच्या मते सगळी मेख येथे आहे. कागदावरच्या वेळेपासून मोजले तर ‘अटक दाखवणाऱ्या’ला तीन दिवस फुकट मिळतात. मनुष्याचे स्वातंत्र्य गेले त्या घटकेपासून मोजले तरच त्या अनुच्छेदाला अर्थ आहे.

पश्चिम बंगालमधील कायदेशीर साहाय्य देणाऱ्या एका संस्थेचे डी. के. बसू ह्यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून 1986 साली सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. त्या पत्रावरच खटला चालला आणि 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकरा निर्बंध घालून दिले. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट हवी. अटकेच्या वेळीच कागद तयार व्हावा, त्यावर तारीख आणि वेळ असावी, घरच्या अथवा मोहल्ल्यातील एका प्रतिष्ठित माणसाची साक्ष असावी आणि धरलेल्या मनुष्याची सही असावी. आप्ताला कळवावे. कोणास कळविले आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवले हे डायरीत लिहावे. दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. नियंत्रण कक्षात बारा तासांच्या आत माहिती जावी आणि ती फलकावर लागावी. ह्यांतील बरेचसे आता कायद्यातच आले आहे; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. ठाण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसवावेत आणि चित्रण निदान वर्षभर जपावे असे 2 डिसेंबर 2020 रोजी त्याच न्यायालयाने सांगितले. तरीही आमची अडाण्याची समजूत अशी की, ठाण्यातला कॅमेरा ठाण्यात न नेलेल्या मनुष्याला पाहू शकत नाही. कक्कयमला कॅमेरा असता तर त्यांनी दुसरा डोंगर शोधला असता.

आणखी एक गोष्ट, जी सीमेवरच्या माणसाने विशेष लक्षात ठेवावी. आपल्यापुढे सहीसाठी येणारा कागद पुष्कळदा आपल्या भाषेत नसतो. 1961 साली नागपुरात हरिकिसन नावाच्या गृहस्थांना प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. कारणे दिली ती इंग्रजीत. त्यांनी ती हिंदीत मागितली. सरकारने नकार दिला. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की बंदिवानाला कळेल अशा भाषेत कारणे दिली नाहीत तर ती दिलीच नाहीत, तोंडी भाषांतर वाचून दाखविणे पुरेसे नाही, आणि त्यांची सुटका केली. तेव्हा न कळणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी ‘हे मला मराठीत द्या’ असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे.

पोलिसांच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे आम्हांस प्राप्त आहे. अपुरी माणसे, सोळा-सोळा तासांची पाळी आणि वरून ‘उद्यापर्यंत आरोपी पाहिजे’ असा दमदाटीचा फोन, ह्या कात्रीत सापडलेला ठाणे अंमलदार आम्ही पाहिला आहे. खोटे आरोपही होतात. संभावित गुन्हेगार मारहाणीचा कांगावा करून सुटू पाहतात. परंतु ह्या कांगाव्याला उत्तर काय? तीच डायरी, तोच डॉक्टरचा दाखला, तीच वेळ घातलेली सही. अशा कागदाला भिण्याचे कारण सचोटीच्या अंमलदारास नाही. तोच एक दिवस त्याची नोकरी वाचवील.

आता आपले काय? आपण बहुधा मधल्या माणसाकडे धावतो. कोणी पुढारी, कोणी ओळखीचा हवालदार. रात्री उशिरा काही देवघेव होते, पोरगा सुटून येतो आणि घरचे म्हणतात, ‘गाजावाजा नको.’ आम्ही त्यांना दोष देत नाही. परंतु अशा सुटकेचीही नोंद राहत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या घराचे दार त्याच रीतीने ठोठावले जाते. त्याऐवजी घरच्या माणसाने एवढे करावे: कोणी नेले, कोणत्या गाडीतून, किती वाजता, पाहणारे कोण, हे त्याच रात्री लिहून काढावे; जिल्हा पोलीस प्रमुखांना आणि दंडाधिकाऱ्यांना सकाळी रजिस्टर पत्र किंवा ईमेल करावी आणि पोच जपून ठेवावी; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागावा, गरजवंताला तो फुकट मिळतो. शेजाऱ्याने ‘मी पाहिले’ म्हणून खाली सही करावी. ही शेवटची सही मिळणे सर्वांत कठीण, हे आम्ही जाणतो.

आमच्या वकीलमित्रांनी अशा पत्राचा मराठी आणि कन्नड नमुना छापून आणला आहे. त्याच्या प्रती दारापाशी ठेवल्या आहेत; जाताना घरटी एक न्यावी. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. येथे काही ठाण्यातील मंडळीही साध्या वेषात बसलेली आम्हांस दिसतात; त्यांनी पहिला प्रश्न विचारला तर आम्हांस आनंद होईल.