हातातलं काम आणि लेकराचं शिकणं

(वाटूर येथे भरलेल्या बालशिक्षण परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



मला एकच आग्रह मांडायचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला शिकवायला वेगळं सामान आणू नका. जे काम हातात आहे, त्यात त्याला सामील करून घ्या आणि काम करता करता त्याच्याशी बोला.

या आग्रहामागे महाराष्ट्राचाच अनुभव आहे. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसरी पद्धतीवर काम केलं होतं. पण त्या पद्धतीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी वस्तीवर गेल्या आणि अंगणातच मुलं जमवली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेलं. तिथं बिया, पानं, खडे, शिंपले हीच साधनं झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. पण वजन, आहार, लसीकरण यांच्या नोंदींत तिथल्या शालेयपूर्व शिक्षणाकडे आपलं लक्ष कमी पडलं.

आता आपल्या घरात काय आहे ते पाहू. डाळ निवडायला बसलात, तर मूठभर तूर, हरभरा आणि मूग एकत्र करून लेकराला वेगळे करायला द्या. सारखं काय, निराळं काय, हे ओळखणं म्हणजेच गणिताची सुरुवात. मात्र जवळ बसा. लहान मुलं दाणा नाकात-तोंडात घालतात. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला दाणे देऊच नका, वाट्या आणि झाकणं द्या. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल पुष्कळदा पाच बटाटे मोजून आणू शकत नाही. म्हणून ताटं मांडताना विचारा, ‘आपण किती जण? अजून किती ताटं लागतील?’ भाकरीची अर्धी, चतकोर करून दाखवा. पिठाचा गोळा मळायला द्या, पोळ्याला मातीचे बैल करू द्या. ज्या बोटांत मळण्याची ताकद येते, तीच बोटं पुढे पेन्सिल नीट धरतात.

भाषेचं तर आपल्याकडे भांडार आहे. आजीच्या ओव्या, कोडी, गोष्टी ऐकताना मुलाच्या कानात शब्दांचे नाद बसतात. पुढे वाचायला शिकताना तेच उपयोगी पडतात. रात्री विचारा, ‘आज आधी काय केलंस? मग काय झालं?’ उत्तर घरच्या बोलीत येऊ द्या, ते दुरुस्त करत बसू नका. हे काम बापांचंही आहे. बैलाला पाणी दाखवताना, मोसंबीच्या बागेत फिरताना बापाने लहान-मोठं, जड-हलकं, कच्चं-पिकलं यावर बोलावं.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजीपाशी राहतात, काही कारखान्यावरच्या कोपीत. पहाटेपासून फडात राबणाऱ्या आईला ‘मुलाला वेळ द्या’ असं सांगणं अन्यायाचं आहे. पण मोळ्या मोजताना लेकराला सोबत मोजू देणं, रात्री फोनवर गावाकडच्या लेकराची गोष्ट ऐकून घेणं तिला जमू शकतं. बाकीचा भार आपण, इथे बसलेल्यांनी, उचलायचा आहे. स्थलांतरित मुलाचं नाव पटावर राहिलं पाहिजे आणि ते परत आलं की त्याचं शिकणं पुढे चालू झालं पाहिजे.

पालकांना एक विनंती. वही भरली म्हणजे मूल हुशार, असं समजू नका. चार वर्षांच्या हाताकडून पानभर बाराखडी गिरवून घेतली, तर त्याला लिहिण्याचा कंटाळाच येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभरणीचा मानला आहे आणि खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे.

अंगणवाडीताईंनो, नोंदवह्यांचं आणि मोबाइलवरच्या माहितीचं ओझं मी जाणतो. तरी दर पालकसभेत भाषण न करता एकच कृती दाखवा आणि ती आई-बापांकडून तिथल्या तिथे करून घ्या. पुढच्या सभेत विचारा, घरी काय झालं? कुणाच्या लेकराने काय नवं केलं?

या परिषदेने ठराव करायचा असेल, तर हा करावा: वाटूर परिसरातल्या प्रत्येक अंगणवाडीत महिन्यातून एकदा आई-बाप आणि लेकरं मिळून काम करतील, खेळतील; आणि सहा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाची हुशारी त्याच्या वहीवरून ठरवली जाणार नाही. हा ठराव मी आपल्यापुढे मांडतो, आणि तो आपण पाळाल या विश्वासाने आपली रजा घेतो.