आकडे गावासमोर मांडा
(सोनगीर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी सोनगीर खानदेशात ओळखले जाते. भांडे घेणारा मनुष्य ते आधी वाजवून पाहतो. आपण शाळेचे जे आकडे दरवर्षी वर पाठवितो, ते मात्र गावातील कोणी वाजवून पाहत नाही. पट, हजेरी, वर्गखोल्या, पाण्याची सोय, स्वच्छतागृहे, आलेले अनुदान व झालेला खर्च ही माहिती गावातूनच जाते; परंतु गावाकडे ती क्वचितच परत येते. ती परत यावी, असे धोरण जिल्हा परिषदेने व ग्रामपंचायतींनी स्वीकारावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

याची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. २०११ साली ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर झालेली पटपडताळणी आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल. मुलांच्या बोटांस शाई लावून मोजणी करावी लागली आणि पटावरची लक्षावधी मुले प्रत्यक्ष वर्गांत आढळली नाहीत. शिक्षकांची पदे, अनुदान व पोषण आहार पटावरच अवलंबून असतात. म्हणजे खोट्या नावाचा भार अखेर खऱ्या मुलावर पडतो. वास्तविक गावच्या शाळेत किती मुले जातात, हे गावास ठाऊक असते. तो आकडा शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असता, तर चूक गावातच उघड झाली असती.

कायद्याचा आधार आपणांस आहेच. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ असे सांगते की, कोणाच्या अर्जाची वाट न पाहता कार्यालयाने आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी. केंद्र सरकारनेही २०१२ साली आपल्याजवळील माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण ठरविले. यूडायसच्या ११ अंकी क्रमांकावरून शाळेची काही माहिती आज संगणकावर पाहता येते. परंतु शेतावर राबणाऱ्या पालकापर्यंत ती पोचत नाही.

म्हणून धोरणात चार गोष्टी असाव्यात. पहिली, शाळावार माहिती सोप्या मराठीत, ठरलेल्या तारखेस प्रसिद्ध व्हावी. दुसरी, ती कागदाच्या छायाचित्राच्या रूपाने नव्हे, तर बेरीज व तुलना करता येईल अशा तक्त्याच्या रूपाने संगणकावर असावी, आणि तीच शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावी. तिसरी, चूक दाखविणाऱ्यास ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे. चौथी, कोणत्याही मुलाचे नाव, जात, आजार वा आधार क्रमांक उघड होऊ नये. आकडा गावाचा असतो, परंतु मुलाची खाजगी गोष्ट त्या मुलाचीच असते.

उघड्या आकड्यांवरून शिक्षकालाच दोष दिला जाईल, ही भीती अनेकांच्या मनात आहे, आणि ती निराधार नाही. ऊसतोडीस कुटुंबे निघून गेली की हजेरी उतरते; दूरच्या वाचकास ते कारण कसे कळावे? यास्तव आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना असलाच पाहिजे आणि तोही प्रसिद्ध झाला पाहिजे. झाकलेला आकडा शिक्षकाचे रक्षण करीत नाही; कारणासह मांडलेला आकडा करतो. मोडक्या खोलीविषयी आपण एकट्याने किती पत्रे लिहावीत? तीच गोष्ट गावाने आकड्यानिशी मांडली, म्हणजे तिला वजन येते.

धोरणाचा ठराव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच ७५ टक्के सदस्य पालक असतात. तिच्या पुढील बैठकीत पट, सरासरी हजेरी, अनुदान व खर्च हे चार आकडे मोठ्याने वाचावेत, पालकांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि दुरुस्त झालेला तक्ता दाराशी लावावा. असे तक्ते शाळाशाळांतून दिसू लागले, म्हणजे जिल्ह्याचे धोरण फार काळ मागे राहणार नाही, असा मला विश्वास वाटतो.