चार भिंतींतले खेळ



बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी कामगार यांवर बोलण्याची सवय जडलेल्या माणसाने या व्यासपीठावरून पत्ते आणि चिंचोके यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांला तसे वाटत नाही. मुलांची सुट्टी लागली आहे, बाहेर ऊन मी म्हणते आहे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत दोन मुले, आजी, आई आणि पाळीवरून आलेला बाप असे पाच जण दुपार काढीत आहेत. ती दुपार कशी जाते, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाला अगदी लागून आहे.

खेळायला आधी वेळ लागतो, आणि वेळ कोणी फुकट दिलेला नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात सात वर्षांच्या मुलाला रोज नऊ तास कामाला लावण्याची मुभा होती. मोठ्यांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा आणि अर्ज यांचा पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. पुढे १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला, त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. मुलाचा हक्क कागदावर आला हे उत्तम झाले. परंतु त्याच्याशी खेळायला बसणाऱ्या बापाच्या रजेचे काय? घरोघर सामान पोहोचविणारा तरुण आज एक दिवस घरी राहिला, तर त्या दिवसाची कमाई बुडते. त्याच्या मुलाला सुट्टी आहे. त्याला आहे तो खाडा.

रजा आणि रिकामपण यांतही फरक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे होतो. चाळीच्या व्हरांड्यात दिवसभर पत्त्यांचे डाव पडत. पण मोठी माणसे हसत नसत. डोळे हातातल्या पानांवर आणि मन वाण्याच्या उधारीवर. खेळ रंगायला माणूस नुसता मोकळा असून भागत नाही, तो निर्धास्तही असावा लागतो, हे आम्ही त्या व्हरांड्यात शिकलो.

आता प्रत्यक्ष खेळांकडे येऊ. आमची अट अशी, की खर्च नसावा, एका चटईची जागा पुरावी, आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांना बसता यावे.

पहिला खेळ वाघबकरी. याच्या पुष्कळ तऱ्हा आहेत, एक सांगतो. फरशीवर खडूने पंचवीस बिंदूंचा चौकोन आखावा आणि आडव्या, उभ्या, तिरप्या रेघांनी ते बिंदू जोडावेत. चार बटणे म्हणजे चार वाघ. ते चार कोपऱ्यांत बसवावेत. वीस चिंचोके म्हणजे वीस शेळ्या; त्या एकेक करून पटावर मांडायच्या, आणि सगळ्या मांडून झाल्याखेरीज एकही शेळी हलवायची नाही. वाघ रेघेवरून एक घर चालतो. शेजारी शेळी असेल आणि तिच्यापलीकडचे घर रिकामे असेल, तर उडी मारून तो तिला खातो. पाच शेळ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. शेळीला मात्र कोणालाच खाता येत नाही. तिने जिंकायचे ते चारही वाघांची वाट बंद करून. शेळीच्या पाठीशी दुसरी शेळी उभी राहिली की त्या रेघेत वाघाला उडी घेता येत नाही, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलीला तीन डावांत कळते. त्यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. आपण आम्हांला ओळखता!

दुसरा खेळ तीनशे चारचा. यात गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन आणि राणीचे दोन गुण. एका रंगाची बेरीज शहात्तर, चार रंगांची तीनशे चार. बेरजेचा कंटाळा करणारी मुले येथे तोंडी हिशेब करू लागतात. आणि ज्या खेळात गुलाम राजाच्या दहापट मोलाचा आहे, तो आमच्या वस्तीत आवडता असावा, यात आश्चर्य ते काय!

तिसरा, नाव-गाव-फळ-फूल. एक अक्षर ठरवायचे आणि त्यावरून चार रकाने भरायचे. कोणालाच न सुचलेल्या शब्दाला दहा गुण, दोघांनी लिहिलेल्याला पाच. शाळा थोडी झालेली माणसे या खेळाला बिचकतात. आम्हीही चारच इयत्ता शिकलो; बाकीचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. पण गावांची, रानफुलांची नावे आमच्या पिढीपाशी आहेत. जिला लिहिता येत नाही त्या आजीने नातवाच्या कानात सांगावे आणि त्याने लिहावे. मग सागरगोटे काढले की आजी कोणाला ऐकत नाही. एक वर उडवून तो खाली येण्याच्या आत बाकीचे उचलण्यात तिचा हात सुनेपेक्षाही चपळ असतो.

लुडो मोबाईलमध्येही आहे, मग चटई कशाला, असे मुले विचारतात. मोबाईलला आमचा विरोध नाही. परंतु तेथे फासा यंत्र टाकते, घरे यंत्र मोजते आणि निकालही यंत्रच देते. चटईवर नियम आपसांत ठरवावा लागतो, भांडावे लागते, आणि ठरलेले पाळावे लागते. आमचे म्हणणे सारे येथे आहे. डाव मांडला की बाप, आई, आजी, मूल सगळे एकाच नियमाखाली येतात. एरवी घरात बापाचा शब्द चालतो. चटईवर तो चिंचोका मागे घेऊ लागला, तर सहा वर्षांचे पोर त्याचा हात धरू शकते. जन्मात पहिला न्याय्य करार मूल करते तो येथे. म्हणून नियम डावाआधी ठरवा, डाव चालू असता बदलू नका, आणि मुलाला मुद्दाम जिंकू देऊ नका. त्याला ते कळते, आणि अपमान वाटतो. पैसे तर कधीच लावू नका.

एक गोष्ट भगिनींची. रविवारची सुट्टी बापाला मिळाली, आईची पाळी मात्र संपतच नाही. सगळे खेळतात आणि ती चहा करते, याला आम्ही कुटुंबाचा खेळ म्हणणार नाही. हरलेल्या बाजूने भांडी घासावीत, हा नियम आरंभीच करून टाका. मग आईही डावात बसेल आणि चुरसही वाढेल.

समोर काही कारखानदार मंडळी बसलेली दिसतात. मुलांच्या सुट्टीत प्रत्येक कामगाराला, कंत्राटी असला तरी, निदान एक दिवस भरपगारी रजा द्या, ही आमची मागणी आपण आजच लिहून घ्यावी. आणि कामगार बंधूंनी ती मिळेपर्यंत थांबू नये. जेवण झाल्यावर अर्धा तास निघत असेल तर आज रात्रीच खडू घ्यावा. पंचवीस बिंदू आखायला पाच मिनिटे पुरतात.