दोन बॅटऱ्या, दोन जोडण्या

इगतपुरीच्या पावसाचं आणि सौरऊर्जेचं फारसं सख्य नाही. आषाढात सूर्य दिवसेंदिवस ढगाआड असतो आणि वादळवाऱ्यात लाइटही तेव्हाच जाते. छपरावरची बिनबॅटरीची ऑन-ग्रिड यंत्रणा अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका नको म्हणून लाइट जाताच ती आपणहून बंद होते. मग बॅटऱ्या घ्याव्या लागतात. १२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणल्या, की त्या सिरीजमध्ये जोडायच्या की पॅरललमध्ये, हा प्रश्न येतो. पॅरलल केलं की बॅकअप दुप्पट, असा सल्ला सर्रास मिळतो. १५० एएचचे ३०० होतात हे खरं, पण व्होल्ट १२च राहतात. सिरीजमध्ये व्होल्ट २४ होतात आणि एएच १५०च राहतात. गुणाकार दोन्हीकडे ३६०० वॅट-तासच येतो. साठा जोडणीने वाढत नाही. बदलतो तो तारेतून वाहणारा प्रवाह.

फरक तिथेच पडतो. १२०० वॅटचा लोड १२ व्होल्टवर १०० अँपिअर ओढतो, २४ व्होल्टवर ५०. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत असतो. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध ५ मिलिओहम धरला तर पहिल्या जोडणीत ५० वॅट नुसती तार तापवण्यात जातात, दुसऱ्या जोडणीत साडेबारा. याचा सर्वांत मोठा पुरावा इगतपुरीकरांच्या डोळ्यांसमोरच होता. मुंबईकडून विजेची रेल्वे १९३०च्या सुमारास इथवर आली ती १५०० व्होल्ट डीसीवर. इथून पुढे भुसावळकडे मात्र नंतर २५ हजार व्होल्ट एसी आलं, आणि कित्येक वर्षं इगतपुरीला गाड्यांची इंजिनं बदलावी लागत. तेवढ्याच शक्तीसाठी २५ हजार व्होल्टवर प्रवाह सतरावा हिस्साच लागतो, म्हणून तार बारीक चालते आणि उपकेंद्रं दूरदूर पुरतात. व्होल्टेज हवं तसं चढवता-उतरवता येणं हा एसीचा वेगळा फायदा, तो बॅटरीला लागू नाही. पण प्रवाहाचा हिशेब तोच. मुंबईकडची डीसीही २०१५पर्यंत गेली.

यावर एक आक्षेप खरा आहे. सिरीजमध्ये एक बॅटरी कमजोर झाली की जोडीतला एक बैल थकावा तसं होतं, दुसऱ्याची ताकद वाया जाते. चार्जिंगच्या वेळी एक उकळते, दुसरी अर्धीच भरते. पॅरललमध्ये एक सोडवून दुसरीवर घर चालवता येतं. मान्य. पण १२ व्होल्टची प्रत्येक बॅटरी ही मुळात २ व्होल्टच्या सहा सेलांची सिरीजच आहे, तेव्हा सिरीजची भीती पॅरलल करून टळत नाही. त्या सहांतला एक सेल शॉर्ट झाला, तर पॅरललमधली चांगली बॅटरी आपला साठा त्या आजारी बॅटरीत ओतत राहते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर तारा तापतात. शिवाय दोघींच्या तारा कमीजास्त लांबीच्या असल्या, तर जवळची बॅटरी जास्त राबते. म्हणून पॅरललच करायची तर धन तार एका बॅटरीवरून आणि ऋण तार दुसरीवरून घ्यावी, आणि प्रत्येकीला वेगळा फ्यूज द्यावा. जुनीला नवी जोडणं मात्र दोन्ही पद्धतींत वाईट.

दुसरा आक्षेप लहान घरांचा. चार एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर मिळून ६० वॅट लागत असतील, तर त्याच तारेतला तोटा १२ व्होल्टवरही वॅटच्या आठव्या हिश्श्याइतका. तिथे सिरीजचा आग्रह निरर्थक. पाड्यावरच्या १२ व्होल्टच्या संचाला हात लावू नये. पंप, मिक्सर, फ्रिज आले की गणित उलटतं, आणि ३० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर १२ व्होल्टवर ३६० वॅटची पॅनेलं सांभाळतो, तोच २४ व्होल्टवर चालत असेल तर साधारण ७२० वॅटची. फक्त इन्व्हर्टर आणि कंट्रोलर दोन्हींवर २४ व्होल्ट लिहिलेलं आहे ना, हे आधी पाहावं. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला सिरीजची जोडी लावली, तर तो जळण्याचीच शक्यता अधिक.